प्रस्तावना : डोकं, छाती, गोळी, गाठ

रक्तातलं सोडियम १३५ च्या खाली गेलं की त्याला हायपोनेट्रेमिया म्हणायचं, हे एमबीबीएसचा कोणताही विद्यार्थी सांगतो. कारणं विचारली तर पाठ केलेली यादी घडाघडा म्हणतो, आणि यादी बहुतेक वेळा बरोबरही असते. पंचाईत होते ती रात्री दोन वाजता, वॉर्डातून निरोप येतो तेव्हा: कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजींचं सोडियम १०८ आलंय, संध्याकाळपासून असंबद्ध बोलताहेत, काय करू? त्या वेळी यादीचा उपयोग होत नाही. यादीत चाळीस कारणं असतात आणि खाटेवर एकच आजी असतात.

या पुस्तिकेच्या लेखिका स्वतः फिजिशियन आहेत आणि रेसिडेंट डॉक्टरांना शिकवतात. आपल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी सोडियमवर काही यमकं जुळवली, काही प्रश्न ठरवून दिले, आणि ते झेरॉक्स होत होत दुसऱ्या कॉलेजांत पोचल्यावर आता छापायला काढले. मला प्रस्तावना लिहायला सांगितली, कारण यातल्या निम्म्या ओळींवर मी त्यांच्याशी वाद घातला आहे. आठवणीत ठेवायला नावं नकोत, प्रश्नांचा क्रम हवा आणि थांबायचा आकडा हवा, एवढाच माझा आग्रह होता. तो त्यांनी बराचसा मानला आहे.

इंग्रजी पुस्तकांतल्या युक्त्या या आग्रहाच्या उलट असतात. सर्वांत लोकप्रिय युक्ती म्हणजे एसआयएडीएच (पाणी अडवणारं संप्रेरक नको तेव्हा पाझरत राहतं तो) या आजाराच्या नावातल्या पाच अक्षरांवर पाच कारणं टांगणं. एसवर सर्जरी, आयवर डोक्याच्या आतलं काहीतरी, ए म्हणजे अल्व्हिओलाय, म्हणजे फुफ्फुस, डीवर ड्रग्ज, एचवर हार्मोन्स. परीक्षेला चालतं. पण शेवटचं अक्षर पाहा. बार्टर आणि श्वार्ट्झ यांनी १९६७ साली या आजाराचे निकष मांडले, त्यांत ॲड्रिनल आणि किडनीचं काम ठीक असल्याची खात्री करायला सांगितलं होतं, आणि थायरॉइडची अट आज सगळेच पाळतात. म्हणजे जे आधी वगळायचं तेच कारण म्हणून पाठ करून घेणारी ही युक्ती आहे. कॉर्टिसॉल न मोजता रुग्णावर एसआयएडीएचचा शिक्का बसतो आणि पाणी कमी प्या असं सांगून त्याला घरी पाठवलं जातं, त्यात अशा पाठांतराचाही वाटा असतो असं माझं स्पष्ट मत आहे.

पुस्तिकेचं पहिलं पान एकाच वाक्याचं आहे: मीठ कमी नाही, पाणी जास्त. आमटीत पाणी जास्त पडलं की ती अळणी लागते. घातलेलं मीठ कुठे गेलेलं नसतं. सोडियमचा आकडा शरीरात मीठ किती आहे ते सांगतच नाही, पाण्याच्या मानाने किती आहे तेवढंच सांगतो. एडलमन आणि सहकाऱ्यांनी १९५८ साली हे मोजून दाखवलं: रक्तातलं सोडियम ठरतं ते शरीरातलं सोडियम आणि पोटॅशियम यांची बेरीज भागिले एकूण पाणी, या हिशेबाने. बेरजेत पोटॅशियम आहे हे विद्यार्थी हमखास विसरतात. पोटॅशियमही कमी असलेल्या रुग्णाला कोणी सलाईनमधून पोटॅशियम क्लोराइड देतो, त्याने सोडियमही चढतं, आणि तो चढ कोणाच्याच हिशेबात नसतो. लेखिकेने तळटीप म्हणून लिहिलेलं हे वाक्य मी वर मजकुरात आणायला लावलं.

पाणी जास्त झालं तरी निरोगी किडनी ते बाहेर टाकते. लघवी ५० ऑस्मोलॅलिटीपर्यंत पातळ करता येत असेल आणि दिवसाला ६०० मिलिऑस्मोल क्षार-युरिया बाहेर जात असेल, तर बारा लिटर पाणी पिऊनही सोडियम जागचं हलत नाही. म्हणून पाणी साचलं, तर बहुतेक वेळा दोनच शक्यता उरतात. एक तर व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक किडनीला पाणी सोडू देत नाही, किंवा लघवीतून टाकायला क्षार-युरियाच पुरेसे नाहीत. दुसरी शक्यता आपल्याकडे रोज दिसते. दात नाहीत, जेवणावरची वासना गेलेली, दिवसभर चहा-खारी आणि रात्री भाताची पेज. डाळ नाही, अंडं नाही, त्यात बीपीसाठी मीठ बंद केलेलं. अशा आजींच्या लघवीतून दिवसाला २५० मिलिऑस्मोलच जाणार. वयामुळे आणि बीपीच्या गोळीमुळे त्यांची किडनी लघवी २०० च्या खाली पातळ करू शकत नसेल, तर सव्वा लिटरच्या वरचं पाणी अंगात मुरतं. आणि उन्हाळा आहे म्हणून सून त्यांना तासातासाला पाणी पाजत असते.

यानंतर येतात तीन प्रश्न, आणि माझ्या मते पुस्तिकेतला सर्वांत मोलाचा भाग हाच. रक्त पातळ आहे का? लघवी पातळ आहे का? लघवीत मीठ आहे का? याच क्रमाने.

पहिल्या प्रश्नाने खोटे रुग्ण गळतात. साखर ६०० असेल तर पेशींतलं पाणी रक्तात ओढलं जातं आणि सोडियम खाली दिसतं. साखर १०० च्या वर दर १०० ला सोडियममध्ये १.६ मिळवायचे, हा जुना हिशेब. म्हणजे आलेलं १२८ खरं १३६ असतं. काही तज्ज्ञ १.६ ऐवजी २.४ घेतात. कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइड किंवा प्रथिनं अफाट वाढलेली असली तर प्रयोगशाळेचं यंत्रच फसतं; अशा वेळी एबीजीच्या मशीनवर आलेला आकडा खरा मानावा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं, लघवी १०० च्या खाली असली, तर व्हॅसोप्रेसिन गप्प आहे. पाणी फार पिणारा मनोरुग्ण, नुसत्या बिअरवर जगणारा, किंवा चहा-खारीवरच्याच, पण लघवी अजून पातळ करू शकणाऱ्या एखाद्या आजी. 'नाही' आलं तर तिसरा प्रश्न. लघवीतलं सोडियम ३० च्या खाली म्हणजे किडनी मीठ धरून ठेवते आहे. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडं झालं असेल, नाहीतर हृदय किंवा यकृत थकल्यामुळे रक्त असूनही किडनीला ते जाणवत नसेल. या दोहोंतला फरक पायांवरची सूज आणि पोटातलं पाणी सांगतं. त्यासाठी यमक जुळवायची गरज नाही, आणि लेखिकेने जुळवलेलं नाही याचा मला आनंद आहे. ३० च्या वर आलं तर एसआयएडीएच, लघवीच्या गोळ्या, किंवा ॲड्रिनल.

जुन्या पद्धतीत आधी रुग्ण कोरडा, ओला की मधला हे ठरवायचं, मग पुढे जायचं. माझी पिढी तसंच शिकली. पण जीभ आणि कातडी पाहून बांधलेला हा अंदाज म्हाताऱ्या माणसांत फार वेळा चुकतो. २०१४ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी लघवीच्या तपासण्या पुढे घेतल्या आणि हा अंदाज मागे टाकला. पुस्तिकेनेही तोच क्रम धरला आहे.

इथे एक अडचण आहे, जी परदेशी पुस्तकांत नसते. तालुक्याच्या रुग्णालयात लघवीची ऑस्मोलॅलिटी होत नाही. नमुना शहरात पाठवायचा, उत्तर परवा येणार. लेखिकेचा त्यावर उपाय आहे: युरिक ॲसिड बघा. ते ४ च्या खाली असेल तर एसआयएडीएचची शक्यता बळावते, आणि ही तपासणी सगळीकडे होते. दुसरी सूचना चार शब्दांची आहे, आणि ती प्रत्येक कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लावावी असं मला वाटतं: आधी लघवी, मग सलाईन. एक बाटली सलाईन गेल्यावर घेतलेल्या लघवीतून निदान होत नाही.

आता शीर्षकातली ओळ. एसआयएडीएचच्या कारणांसाठी लेखिकेने रचलं आहे:

डोकं, छाती, गोळी, गाठ,
दुखणं, उलटी पाठोपाठ.

मला हे इंग्रजी अक्षरांपेक्षा सरस वाटतं, कारण हे रुग्णाच्या अंगावरून वरून खाली हात फिरवल्यासारखं चालतं, आणि प्रत्येक शब्दाला एक तपासणी जोडता येते. डोकं म्हणजे मेंदूत रक्तस्राव, पक्षाघात, आणि आपल्याकडे सर्वांआधी टीबीचा मेनिंजायटिस. छाती म्हणजे न्यूमोनिया आणि पुन्हा टीबी. गाठ म्हणजे फुफ्फुसाचा स्मॉल सेल कॅन्सर. १९५७ साली श्वार्ट्झ, बार्टर आणि सहकाऱ्यांनी हा आजार पहिल्यांदा वर्णिला तो फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या दोन रुग्णांवरूनच.

गोळी या शब्दावर थोडं थांबायला हवं. झोप आणि उदासीसाठी दिलेली एस्सिटॅलोप्रॅम किंवा सर्ट्रालिन, फिटसाठी दिलेली कार्बामॅझेपिन किंवा ऑक्सकार्बाझेपिन, ही ठरलेली नावं. शिस्तीचे लोक म्हणतील की बीपीची थायाझाइड गोळी या ओळीत बसत नाही, तिची तऱ्हा वेगळी. खरं आहे. पण बीपीच्या संयुक्त गोळीत हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन लपलेलं असतं, पाकिटावर बारीक अक्षरात, आणि नातेवाईक सांगतात, "बीपीची एकच गोळी चालू आहे, डॉक्टर." ती गोळी रेसिडेंटला आठवावी म्हणून ओळीतली शिस्त थोडी मोडली तरी चालेल. पिशवीतून सगळी पाकिटं टेबलावर ओतायला लावा, इतकंच लेखिकेने खाली लिहिलं आहे.

दुसऱ्या ओळीतलं दुखणं आणि मळमळ-उलटी ही व्हॅसोप्रेसिनला जागं करणारी जबरदस्त कारणं आहेत आणि ती बहुतेक याद्यांत नसतात. ऑपरेशननंतर ही दोन्ही एकत्र येतात, वरून ग्लुकोजचं सलाईन चालू असतं. एरिएफ यांनी १९८६ साली पंधरा निरोगी बायकांची हकिगत छापली: आधी ठरवून केलेली साधी ऑपरेशनं, मग सोडियम घसरलं, झटके आले, श्वास थांबला, आणि त्या मेल्या किंवा मेंदूचं कायमचं नुकसान होऊन राहिल्या. मॅरेथॉनमध्येही तेच घडतं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं, आणि शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं होतं त्यांच्यात ते जास्त होतं. म्हणजे घामापेक्षा पाणी जास्त पोटात गेलं होतं.

हार्मोन्स या ओळीत नाहीत. त्यांना वेगळं पान दिलं आहे, ते योग्यच. त्या पानावर नाव एकही नाही, फक्त मध्यमवयीन बाईला विचारायचे प्रश्न आहेत. शेवटच्या बाळंतपणात रक्त खूप गेलं होतं का? अंगावर दूध आलं होतं का? पाळी परत आली का? तिन्ही उत्तरं नको तशी आली तर तो शीहान सिंड्रोम, १९३७ साली ग्लासगोच्या शीहान यांनी वर्णिलेला, बाळंतपणात सुकलेल्या पिट्यूटरीचा आजार. श्रीमंत देशांत तो विरळा झाला. घरी बाळंत झालेल्या बायकांची पिढी अजून हयात आहे तोवर आपल्याकडे तो दिसत राहणार. वीस वर्षं थकवा म्हणून काढलेली बाई एका जुलाबाच्या निमित्ताने सोडियम ११२ घेऊन येते. घोणस चावून वाचलेल्यांतही पिट्यूटरी सुकते, हे कोकणातल्या आणि घाटावरच्या डॉक्टरांनी लक्षात ठेवावं.

उपचारांवर आमचा खरा वाद झाला. मूळ ओळ अशी होती: झटके आले, तीन टक्के, दिवसाला आठ, तेवढेच पक्के. म्हणायला छान. पण आठ हे गाठायचं ठिकाण नव्हे, ओलांडायची नाही अशी हद्द आहे. 'पक्के' म्हटलं की रेसिडेंट आठ गाठायला निघतो आणि बारावर पोचतो. गाठायचे असतात चार ते सहा. मेंदूची सूज उतरून झटके थांबायला तेवढी वाढ पुरते, मग आकडा ११४ का असेना. स्टर्न्स यांच्या लिखाणातून रूढ झालेला सहाचा नियम हेच सांगतो: दिवसाला सहा पुरे, आणि लक्षणं गंभीर असतील तर तेच सहा पहिल्या सहा तासांत उरकून थांबा. आता छापलेली ओळ अशी आहे:

झटके आले, तीन टक्के;
चार-सहाला थांबणे पक्के.

तीन टक्के म्हणजे तीन टक्क्यांचं सलाईन, १०० मिलिलिटर, दहा मिनिटांत, गरज पडल्यास तीनदा. इथे एक हिशेब पुस्तिकेत सविस्तर दिला आहे आणि तो पेन घेऊन सोडवावा. ऐंशी किलोच्या तरुणाच्या अंगात ४८ लिटर पाणी असतं. सोडियम १०८ असताना १०० मिलिलिटरने ते ०.८ नेच चढतं. चाळीस किलोच्या आजींच्या अंगात पाणी अठरा लिटर. त्याच बाटलीने त्यांचं सोडियम दोनहून अधिक चढतं. तीन बाटल्यांत तरुणाचं अडीच, आजींचं सहाच्या वर. परदेशी नियम आपल्या किरकोळ बांध्याच्या बायकांना जसाच्या तसा लावला तर काय होईल, ते यात दिसतं.

थांबायचं का, त्याला इतिहास आहे. ॲडम्स, व्हिक्टर आणि मॅन्कॉल यांनी १९५९ साली दारू आणि कुपोषण यांनी खंगलेल्या चार रुग्णांच्या मेंदूत पॉन्सच्या मध्यावरचं मायलिन गेलेलं पाहिलं. सोडियम घाईने वर नेण्याशी त्याचं नातं जुळायला आणखी वीसेक वर्षं गेली. दोन दिवसांत मेंदू कमी सोडियमशी जुळवून घेतो, आपल्यातले क्षार आणि इतर रेणू बाहेर टाकतो. नंतर बाहेरचं सोडियम भरभर चढलं की ते रेणू वेळेत परत येत नाहीत. रुग्ण आधी शुद्धीवर येतो, घरचे पेढे आणतात, आणि दोन ते सहा दिवसांनी बोलणं अडखळतं, गिळता येत नाही, हातपाय जातात.

अलीकडे या भीतीवरच प्रश्न उठले आहेत. टोरांटोच्या रुग्णालयांतल्या २२,८५८ भरती-नोंदींच्या २०२३ साली छापलेल्या अभ्यासात असा मेंदूविकार फक्त बारा जणांना झाला, आणि त्यांतल्या सात जणांचं सोडियम घाईने वाढवलेलंच नव्हतं. त्यामुळे आठची हद्द फार कडक आहे असं म्हणणारे वाढले आहेत. लेखिकेने हा वाद एका परिच्छेदात मांडून आठ कायम ठेवले आहेत. मी त्यांच्या बाजूचा आहे. त्या नोंदींत बहुसंख्य रुग्णांचं सोडियम १२० च्या वर होतं. १०५, पोटॅशियम कमी, पोटात अन्न नाही, रोज देशी दारू, हा आपल्या सरकारी वॉर्डातला रुग्ण. त्याच्यासाठी हद्द सैल करायला मला त्या अभ्यासात आधार दिसत नाही.

प्रत्यक्षात घाई बहुतेक वेळा डॉक्टर करत नाही, किडनी करते. कोरड्या पडलेल्या रुग्णाला दोन बाटल्या सलाईन मिळालं, थायाझाइड बंद झाली, शीहानच्या बाईला हायड्रोकॉर्टिझोन दिलं, की व्हॅसोप्रेसिन एकदम गप्प होतं आणि पातळ लघवीचा लोंढा सुटतो. सोडियम आपोआप पळतं. लघवीची पिशवी ताशी १०० मिलिलिटरच्या वर भरू लागली की सोडियम लगेच परत पाठवा, सकाळची वाट पाहू नका. लागलंच तर डेस्मोप्रेसिन आणि पाच टक्के डेक्स्ट्रोज देऊन वेग आवरा. पिशवीकडे पाहणारी सिस्टर इथे रेसिडेंटपेक्षा जास्त उपयोगी पडते.

याच्या उलट गोष्ट एसआयएडीएचची. साधं सलाईन दिलं की सोडियम आणखी उतरतं, आणि रेसिडेंट चक्रावतो. हिशेब सोपा आहे. एक लिटर सलाईनमध्ये ३०८ मिलिऑस्मोल असतात. लघवी ६१६ वर अडकलेली असेल तर ते सगळे अर्ध्या लिटर लघवीतून निघून जातात, आणि उरलेलं अर्धा लिटर निव्वळ पाणी अंगात राहतं. एकदा कागदावर मांडलं की यासाठी यमक लागत नाही. पाणी कमी करणं, युरिया, टोल्व्हॅप्टॅन यांची पानं त्रोटक आहेत. टोल्व्हॅप्टॅन सुरू करायचं ते रुग्णालयातच आणि यकृतावर डोळा ठेवून, एवढं त्यात आलं आहे, पुरेसं आहे.

शेवटी दोन सूचना. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर रेसिडेंटांनी विकत घेतल्याची तारीख लिहावी. दिवसाला बारा चालतात असं एकेकाळी पुस्तकं सांगत, मग दहा झाले, मग आठ. आजचे आकडेही बदलतील, आणि यमकात बसलेला जुना आकडा डोक्यातून काढणं सर्वांत अवघड जातं. दुसरी सूचना, पुस्तिका घरच्या कोणाच्या हाती पडली तर. म्हातारं माणूस अचानक बडबडू लागलं, झापड आली, तोल जाऊ लागला, तर मिठाचं पाणी पाजत बसू नका आणि बीपीची गोळी आपल्या मनाने बदलू नका. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून सोडियम तपासून घ्या.